पेन ड्राइव्हवरची दुसरी किल्ली

काही वर्षांपूर्वी, शेजारच्या गावाच्या जत्रेच्या आधीच्या रविवारी सकाळी, मी स्वतःच्या नाटकाचे संवाद त्यांच्या मांडवात ऐकले. ते नाटक मी आमच्या चोपडे गावच्या जत्रेसाठी लिहिले होते आणि अजून कोणालाही वाचून दाखवले नव्हते. ते माझ्या जुन्या संगणकात होते. त्यात सुरक्षेची चिप नव्हती, म्हणून हार्ड डिस्क कुलूपबंद करताना किल्ली पेन ड्राइव्हवर घेतली होती. तो लावल्याशिवाय संगणक उघडत नसे. हरवला तर पंचाईत नको, म्हणून घराची जादा चावी शेजाऱ्याकडे ठेवावी तसा दुसरा पेन ड्राइव्ह मी त्या गावातल्या बालमित्राकडे ठेवला होता. मांडवात ओल्या झावळ्यांचा वास होता आणि तोच मित्र मधोमध उभा राहून तालीम घेत होता. मला पाहून म्हणाला, "चावी तूंच दिलली रे." "सांबाळूक दिलली," मी म्हटले. "नाटक पेटयेंत बंद करून किदें करतलो? आमी उबें केलें." पेटीत ठेवून काय करणार होतास, असे त्याचे म्हणणे. नट हसले. घरी येऊन आईला विचारले. मी म्हापशाला गेलो असताना तो येऊन गेला होता. माझेच काम करायचे आहे असे त्याने सांगितले, म्हणून तिने त्याला संगणकापाशी बसवून चहा आणि उंडो पाव दिला होता. आमच्या गावाने ऐनवेळी जुने नाटक लावले. माझे नाटक त्यांच्या जत्रेत झाले. यंदाही त्यांच्या बोर्डावर तेच नाटक आहे आणि लेखक म्हणून त्याचे नाव आहे.