गुडघ्याचं निमित्त

बिद्रीकडच्या आमच्या गावातून मी निघालो, तेव्हा धाकटा भाऊ शिवा एसटीच्या दारात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "दादाचं गुडघं गेल्यात. कोल्हापुरात पोराकडं ऱ्हाऊन विलाज करणार." गुडघे धडधाकट होते. उन्हाळाभर मी अंथरूण सोडत नव्हतो, सोडलंच तर गोठ्यात जाऊन रडत होतो. पण घराण्यात येडा नको. मीही लंगडतच गाडीत चढलो.

आता कसबा बावड्यात पोराच्या फ्लॅटात राहतो. दूध पिशवीतलं, शेजार दारं लावलेला. दर बुधवारी दवाखान्यात आम्हा डिप्रेशनवाल्यांना गोल करून बसवतात, एकमेकांशी बोला म्हणतात. तिथंही मी लंगडत जायचो. गावचं कुणी बघितलं तर? तोंड मात्र उघडायचो नाही. मी काय ह्यांच्यातला?

एका बुधवारी इचलकरंजीचा सलीम, यंत्रमागावरचा माणूस, म्हणाला, "आबा, मागल्या खेपंला डावा पाय लंगडत हुता की. आज उजवा?"

"दोन्ही दुखत्यात."

"मग दोन्हीनं लंगडून दावा बघू."

सगळे हसले. मला राग आला, आणि मग मीच हसलो. त्याच हसण्यात बोलून गेलो. पायाला काही नाही, डिप्रेशन आहे. इतके दिवस मी स्वतःला भुईला भार म्हणत होतो. सलीम म्हणाला, "मी बी मागाच्या शेडमध्ये पित्त झालंय म्हणून सांगतोय."

त्या बळावर शिवाला फोन केला. "जत्रंला येतो. आता लंगडणार न्हाय. कुणी इचारलं तर खरं सांगणार."

तो म्हणाला, "दादा, पोरगी उजवायची हाय. येड्याचं घर म्हणून पावणं माघारी जातील. ये की, पण लंगडत ये."

मी गेलो नाही. जत्रेला नाही, पुतणीच्या लग्नालाही नाही. 'गुडघ्याचं दुखणं लईच वाढलंय' असं शिवानं मांडवात सांगितलं म्हणे.

शिवा, पोरगी आता नांदायला गेली, म्हणून हे लिहितोय. सलीम आणि ती मंडळी चांगली आहेत, पण ते घर नव्हे. घर म्हटलं की अजून आपलीच ओसरी दिसते. तिथं माझ्या खोट्या दुखण्याला जागा आहे, खऱ्याला नाही. खऱ्याला बसू देणार असशील तर कळव. लंगडत मी येणार नाही.