फुलपाखरांच्या भिंतीवर एक खिळा

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे शिकलेल्या माणसांनी सांगितलेलं मला लगेच पटतं. पनवेलला फ्लॅट घेतला तेव्हा सजावटवाल्या बाई म्हणाल्या, हॉलच्या भिंतीला ‘नॅचरल हिस्टरी आर्ट’ हवं. मला पटलं. बायकोला माझ्याआधीच पटलं होतं.

त्यांनी फुलपाखरांची चित्रं आणली. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या पुस्तकातल्या पानांच्या नव्या छापील प्रती. पंख पसरलेलं फुलपाखरू, शेजारी पानावर त्याची अळी, खाली लॅटिन नाव आणि साल. कागद मुद्दाम पिवळट केलेला. गावच्या घरात माझी प्रमाणपत्रं जादा पैसे न घेता तशीच पिवळी झाली होती.

आई तेव्हा उरणकडच्या गावाहून आमच्याकडे कायमची राहायला आली होती. सोबत लुगड्यात गुंडाळलेला वडिलांचा फोटो. वडील तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांच्या ओव्हरटाइमवर माझं कॉलेज झालं. वेगळा फोटो त्यांनी कधी काढलाच नाही, म्हणून कारखान्याच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतला होता. चेहऱ्यावर पापणी हलवायची मनाई झाल्याचा भाव.

“हा हॉलात लाव,” आई म्हणाली.

बाईंनी फोटो आदराने दोन्ही हातांत घेतला. “बाबा छानच आहेत. पण ह्या रंगसंगतीत बसत नाहीत. आपण त्यांना बेडरूममध्ये पर्सनल कॉर्नर देऊ या ना.”

पर्सनल कॉर्नर म्हणजे कपाटाचा माथा. मी मान डोलावली. आईने चित्रातल्या एका अळीवर बोट ठेवलं. “ही आपला कढीपत्ता खाते ना रे? तिला हॉल, नि ह्यांना कपाट?”

वास्तुशांतीला मामा आला. आमच्याकडे बहिणीच्या नव्या घरी जाताना तिच्या घरातल्या गेलेल्या माणसासाठी हार नेतात. तो फोटोला घालायचा, मगच पाणी प्यायचं. नेलेला हार खाली ठेवायचा नाही आणि परतही आणायचा नाही. मामा झेंडूचा भलामोठा हार घेऊन दारात आला, तेव्हा बाई बायकोच्या ऑफिसातल्या मंडळींना चित्रं समजावून सांगत होत्या.

मामा चपला काढून थेट भिंतीपाशी गेला. चौकट, काच, खाली नाव, नावाखाली साल. आमच्याकडे एवढ्यावरून गेलेलं माणूस ओळखतात. तो एकेक चौकट बघत टोकापर्यंत सरकला.

“बाय, ही कोन सगली? दाजी कुठं हाईत?”

“आत. कपाटावर,” आई म्हणाली.

“कपाटावर? जल्मभर डुट्या केल्या, आता बसायला जागा नाय?”

बायकोचे साहेब गडबडून म्हणाले, “काका, बसा ना. पाणी घ्या.”

“हातात हार हाय, साहेब. घालू कुनाला? ह्या निळ्याला?”

मंडळी हसली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही, आणि माझ्याकडे बघतही नव्हती. मी आत जाऊन फोटो घेऊन आलो आणि निळं फुलपाखरू भिंतीवरून काढलं. चित्रं नुसत्या चिकटपट्टीवर होती. वडिलांच्या शिसवी चौकटीला खिळा हवा होता. सुतारांनी टाकून दिलेला एक सापडला.

“सर, टेक्श्चर पेंट आहे!” बाई कळवळल्या.

मी नारळ फोडायच्या कोयत्याच्या पाठीने खिळा ठोकला. रंगाचा पोपडा उडाला, फोटो थोडा तिरका बसला. मामाने हार घातला, तो एवढा मोठा की दोन्हीकडची फुलपाखरं झेंडूत बुडाली. मग बाई मोबाइलवर फोटो काढून मंडळींना म्हणाल्या, “ह्याला हेरिटेज वॉल म्हणतात. सध्या फार चालतंय.” साहेबांनाही ते पटलं.

आईने पदराने काचेवरची धूळ पुसली. घरात आल्यापासून ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच बसायची. आता फोटोसमोरच्या सोफ्यावर बसली आणि मामाला म्हणाली, “आता पानी पी.”