स्क्रू जरा जास्तच आवळला होता

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची एक संध्याकाळ. गिरीज गावातल्या आमच्या वाडीत, विहिरीच्या कठड्यावर बसून मी मामाच्या जुन्या क्लॅरिनेटशी झगडत होते... आणि त्यातून खालचा सूर काही केल्या निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या बँडसाठी निवड होती. बँडमध्ये तोवर एकही मुलगी नव्हती. बँडचे मास्तर आधीच म्हणाले होते, "पोरी, हे दमाचं काम आहे. तू आपली चर्चमध्ये गाणी म्हण."... झालं, मी इरेला पेटले.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूसारख्या काडीची पातळ पट्टी असते, रीड. ती थरथरली की आवाज निघतो. तिला धरून ठेवणारी स्क्रूची कडी म्हणजे लिगेचर. माझा समज असा, की कडी जितकी घट्ट तितका सूर पक्का... सूर फाटला की मी स्क्रू आणखी अर्धा फेरा पिळायचे. दम वाढावा म्हणून दोन महिने पहाटे बांधावर धावले, पण स्क्रूवर कधी संशय घेतला नाही!

त्या संध्याकाळी अखेर स्क्रूचे आटेच गेले. कडी एका हातात, रीड दुसऱ्या हातात... मी चक्क रडले.

बाबा शेजारीच पालेभाजीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी केळीच्या ओल्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा काढला, रीड जागेवर बसवली आणि तिच्यावर चार वेढे दिले. मी म्हटलं, "अजून आवळा ना!"

"पुरे एवढं. जास्त आवळलं की पाला मरतो."

फुंकलं... आणि तो खालचा सूर आला. मऊ, भरलेला, अगदी हलक्या फुंकरीनेसुद्धा. दोन महिने मीच त्या रीडचा गळा दाबून बसले होते. अति तिथं माती, दुसरं काय!

सकाळी ते सोपट बघून बँडमधले सगळे हसले. मी डोळे मिटून तोच सूर धरला आणि मास्तरांनी हात वर करेपर्यंत सोडला नाही.

मास्तरांनी कौतुक केलं नाही. वहीत नाव लिहिलं आणि म्हणाले, "रोज सहाला सराव. उशीर केलास तर घरी पाठवीन." ते प्रत्येकाला हेच सांगायचे... मलाही तेच सांगितलं. इतकं गोड दरडावणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मास्तर आता नाहीत. मला मुलगी म्हणून त्यांनी एक दिवससुद्धा सूट दिली नाही, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते... ते आज इथे मानते.