गायिका मधोमध उभी राहते तेव्हा

दुकानात त्यांना सगळे कानवाले म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. मालकसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या कानवाल्यांशेजारी बसून ऐका आणि मग ठरवा." सव्वीस वर्षं हा माणूस लोकांना स्पीकर निवडून देत होता, घरी जाऊन बसवून देत होता. आपल्या कानांचा त्यांना थोडा माजही होता, खोटं कशाला बोला. दोन जोड्यांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज मोजून सारखा करायचा, नाहीतर जी जरा मोठ्याने वाजते तीच माणसाला चांगली वाटते, हे ते इतक्यांदा सांगत की बाकीचे विक्रेते पाठीमागे त्यांची नक्कल करून दाखवत.

त्या सोमवारी दुपारी ऐकायच्या खोलीत ते एकटेच होते. नवी जोडी आली होती, ती जुन्या नावाजलेल्या जोडीशी ताडून बघायची होती. त्यांनी जुनी जोडी जोडली आणि नेहमीचं गाणं लावलं. या खोलीत ती गायिका दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभी राहून गायची. म्हणजे तसं वाटायचं; स्पीकर नीट बसले असले की वाटतंच. आज मात्र बया हातभर उजवीकडे, दाराच्या बाजूला सरकून उभी होती.

त्यांनी आधी केबलची अदलाबदल केली. बिघाड ॲम्प्लिफायरमध्ये असता तर ती डावीकडे गेली असती. गेली नाही. मग स्पीकरच उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. तरी ती उजवीकडेच. आता उरली खोली, आणि उरले ते स्वतः.

खोलीची परीक्षा सोपी असते. खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसायचं. दोष खोलीत असला तर आवाज दाराच्या बाजूलाच राहतो, म्हणजे आता डाव्या हाताला येतो. उजव्या हातालाच राहिला, तर दोष ऐकणाऱ्याच्या कानात. एवढं साधं. कानवाल्यांनी हात पुसले. केबल गुंडाळून ठेवल्या. पाणी प्याले. पुन्हा हात पुसले. शेवटी खुर्ची फिरवून बसले, तेव्हा गायिका दार सोडून निमूटपणे त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली.

गाणं संपेपर्यंत ते उठले नाहीत.

कोणाला सांगायचं? मालकांना सांगितलं तर उद्या गोदामात खोकी मोजायला बसवतील. डॉक्टरकडे गेलं तर ते कागदावर लिहून देतील, आणि कागदावर आलं की ते खरं होणार. घरी जेवताना ते बायकोच्या डावीकडे बसू लागले, म्हणजे तिचं बोलणं उजव्या कानावर पडेल.

"हे काय नवीन?" तिने विचारलं.

"तिकडे वारा येतो."

"पंखा बंद आहे, अहो."

ते खाली मान घालून जेवत राहिले. आंघोळीला गेले की मात्र नळ सोडून एक कान दाबून आधी एका कानाने ऐकायचे, मग दुसऱ्या. डावीकडे पाण्याचा नुसता जाड आवाज. त्यातली धार कुठेतरी गळून गेलेली. रोज ऐकायचे, रोज घाबरायचे, आणि तरी दुसऱ्या दिवशी ऐकल्याशिवाय राहवायचं नाही.

कधीपासून असेल हे? या विचाराने तर त्यांचं धाबंच दणाणलं. तीन महिन्यांपूर्वी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी त्यांनी स्पीकर बसवले होते. तिथेही गायिका उजवीकडे झुकत होती. त्या बाजूला मोकळी भिंत, डावीकडे जाड पडदा. आवाज भिंतीवरून उसळतोय असं म्हणून त्यांनी आवाज डावीकडे ओढायला बॅलन्सचं बटण तिकडे फिरवलं होतं. चांगली चार घरं. वर बाईंना बजावलं होतं, "याला हात लावायचा नाही. इतकं अचूक परत जमायचं नाही."

आणि गुरुवारी नेमका त्याच बाईंचा फोन आला. "स्पीकर परत घेऊन जाता का? लवकर या."

पकडला गेलो, एवढंच त्यांच्या मनात आलं. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं. बाईंनी दार उघडलं तर बैठकीत अर्धवट भरलेली खोकी. पुस्तकं बांधलेली, भिंतीवरची चित्रं उतरवलेली.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुमच्या स्पीकरचा काही दोष नाही हो. माझाच उजवा कान गेलाय."

"कोण म्हणालं?"

"तुमचे स्पीकरच म्हणाले. पहिल्या दिवसापासून सगळं डावीकडून येतंय. आधी वाटलं, होईल सवय. मग रात्री झोप लागेना. एकटी बाई मी. दार वाजलं, गॅस सुटला, काही कळलंच नाही तर? लेक म्हणते, माझ्याकडे ये. चाळीस वर्षांचं घर आहे, पण काय करणार? भीती वाटते."

आपण घोकून आणलेलं एकही वाक्य कानवाल्यांना आठवेना. ते उठले, बटण बरोबर मध्यावर आणलं आणि गाणं लावलं. "आता?"

बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. "आता समोरून येतंय. पण म्हणजे तुम्ही माझ्या बिघडलेल्या कानासाठी काहीतरी केलंत ना?"

"नाही, नाही. बटण सरकलं असेल."

"कसं सरकेल? तीन महिने मी फडकंसुद्धा लावलं नाही त्याला, तुम्ही सांगितलं म्हणून." बाई समजूतदारपणे हसल्या. "माझ्या म्हातारपणाची समजूत काढू नका. तुमच्या कानाला ते अचूक वाटलं आणि मला वाकडं, तर चूक कोणाची, हे मला कळतं."

एक सोपं खोटं होतं, तेही चालेना. त्यांचं नावच आडवं आलं होतं. समोर खोकी होती, बाईंचा उतरलेला चेहरा होता. पळून जावं असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. दारापर्यंत चार पावलंही नव्हती.

"बाई, तुमचे कान चांगले आहेत," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय. मला सोमवारी कळलं. तुमच्याकडे मी माझ्या कानाच्या मापाने लावून गेलो."

बाई म्हणाल्या, "तीन महिने मी रडतेय हो इथे."

"माहीत नव्हतं."

"सोमवारपासून तर माहीत होतं ना?"

कानवाले मान खाली घालून उभे राहिले. सत्तरीच्या त्या बाईंनी डोळे पुसले, खुर्चीजवळची चष्म्याची डबी उघडली आणि तिच्यातून एक चिठ्ठी काढली. "कानाच्या डॉक्टरांची आज पाचची वेळ घेतली होती, माझ्यासाठी. आता मला तिचं काय काम? चला. मी येते बरोबर. एकटं जायला भीती वाटते, ते मला माहीत आहे."

तपासणीची खोली कपाटाएवढी होती. भिंतींना आवाज शोषणारा फोम लावलेला, दार बंद होताच आपला श्वाससुद्धा परका वाटावा अशी. काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली मुलगी बसली होती. तिने त्यांना हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

आधी उजवा कान. टुक, टुक, टुक. त्यांनी भराभर बटण दाबलं. मुलगी कौतुकाने हसली. मग तिने डाव्या कानाची खूण केली.

ते वाट बघत बसले. काही येईना. त्यांना वाटलं, अजून सुरू व्हायचं असेल. मग काचेतून त्यांना तिचा हात दिसला. हात चकतीवर फिरत होता, थांबत होता, बोट कळ दाबत होतं, आणि ती दर वेळी त्यांच्याकडे बघत होती. सुरू झालं होतं. केव्हाचंच.

तिचं बोट दिसत होतं. बोट खाली गेलं की दाबायचं. एवढं तर कोणालाही जमलं असतं. कागद चांगला आला असता, दुकान राहिलं असतं, घरी काही सांगावं लागलं नसतं. अंगठा बटणावर टेकला.

कानवाल्यांनी डोळे मिटून घेतले. आत काळोख आणि शांतता, दोन्ही सारखीच. बराच वेळ त्यांचा अंगठा हलला नाही.