फेझचा वाटाड्या

आई आमच्याकडे आयर्लंडात, ल्यूकनला येऊन चार महिने झाले होते. ऑक्टोबरात अंधार लवकर पडायला लागला, तशी ती दिवसभर खिडकीपाशी बसून राहू लागली. नवऱ्याला हॉस्पिटलच्या नोकरीतून सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटीच तिला घेऊन चार दिवस मोरोक्कोला, फेझला गेले. जुनं शहर पायी हिंडवत तिथलं खाऊ घालणारा एक गाइड आधीच ठरवला होता. ते ऐकून ऑफिसातली आयरिश मैत्रीण म्हणाली, "युवर मॅन तुम्हाला गालिच्यांच्या दुकानात नेणार, बघच." युवर मॅन म्हणजे आपल्याकडचा 'तो बुवा'.

तो बुवा पन्नाशीचा, करड्या पायघोळ झग्यातला. आवाज मऊ. जरा जास्तच मऊ, असं मला वाटलं. तो एखाद्या मशिदीचं वय सांगायचा आणि मी मागे राहून फोनवर पडताळून बघायची. बरोबर निघालं की वाटायचं, पाठ करून आलाय.

एका टपरीवर त्याने बिसारा मागवला. वालासारख्या सुक्या कडधान्याचं दाट सार, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. आई अंडंसुद्धा खात नाही.

"यात हाडांचं पाणी असेल," मी म्हटलं.

"नाही, मॅडम."

मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने स्वयंपाक्याला बोलावलं. स्वयंपाक्याने पातेल्यात तळापर्यंत डाव फिरवून मला दाखवला. मागे माणसं खोळंबली होती. तोवर आईने अर्धा वाडगा संपवला होता. "पिठल्यावानी लागतंय की," ती म्हणाली.

दुपारी गालिच्यांचं दुकान आलंच. पुदिन्याचा चहा आला, एकावर एक गालिचे उलगडले गेले.

"तुमच्या भावाचं दुकान?" मी विचारलं.

"मित्राचं. तुम्ही काही घेतलंत तर मला थोडं मिळतं. नाही घेतलंत तरी चालेल."

इतक्या सरळ उत्तराची मी तयारी केली नव्हती. यामागेही काहीतरी युक्ती असणार, असंच मनात आलं. आम्ही काही घेतलं नाही. त्याने तोंड वाकडं केलं नाही, तेही मला खटकलं.

बाहेर पडल्यावर तो आईला घेऊन भराभर पुढे चालू लागला. मोठा रस्ता सोडून एका बोळात वळला. बोळ इतका अरुंद की दोन माणसं शेजारून जाणार नाहीत. एकही दुकान नाही, वर्दळ नाही. एका ठेंगण्या दारावर त्याने थाप मारली.

मी धावत जाऊन आईचा दंड धरला. "कुठे नेताय आम्हाला?"

"माझ्या बहिणीचं घर आहे."

"आम्हाला काही विकत घ्यायचं नाही. आत्ताच्या आत्ता मागे चला."

दार उघडलं. पिठाच्या हातांनी एक बाई उभी होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईंना बाथरूमला जायचंय. बराच वेळ झाला."

आई जमिनीकडे बघत होती. नंतर कळलं, तिने त्याला करंगळी दाखवली होती. खूण कळली नसावी, पण तिची चाल बघून त्याला समजलं असावं. मी तिचा दंड सोडला. ती आत गेली.

मी सॉरी म्हटलं. त्याने फक्त मान हलवली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, सात झाली. मला पुन्हा शंका यायला लागली. मी दाराला कान लावला. आत दोन बायका हसत होत्या.

आई बाहेर आली ती कागदात गुंडाळलेली गरम भाकरी घेऊनच.

"मला का नाही सांगितलंस?" चालता चालता मी विचारलं.

"सांगणार हुते. पर तू सकाळधरनं त्याच्यावरच डोळा ठिवून. माझ्याकडं बघितलंस कुठं?"

तिने भाकरीचा तुकडा मोडून आधी त्याला दिला, मग मला.