वाढत्या अंगाचा पंप

माझ्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू मापाची घेतली नाही. मुलांना कपडे घेताना लोक वाढत्या अंगाचे घेतात, ते ठीक. मामा सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. घरात माणसं तीन: मामा, मामी आणि त्यांच्याकडे राहून शिवणकाम करणारी मी. पण पातेली अशी, की आमच्यापुरता भात केला तर तो तळाशी शोधावा लागतो. लग्नातला कोट मामांना अजूनही मोठाच होतो. "पैसे एकदाच जातात, मग घ्यायचं ते मोठंच घ्यावं," असं त्यांचं म्हणणं. मी कात्री चालवायच्या आधी दोनदा माप घेणारी बाई. या बाबतीत आमचं कधी पटलंच नाही.

मामीच्या चपलाही तशाच. टाच संपली तरी मागे चप्पल उरायची. ती चालली की फटक् फटक् आवाज यायचा, आणि ती कोणत्या खोलीत आहे हे न बघता कळायचं. त्याच चपलेत पाय अडखळून ती गेल्या वर्षी जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पायात जोर येईना आणि मनातली भीती जाईना. चपला कोणी आणल्या होत्या हे तिघांनाही माहीत होतं. मामी त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, मामाही नाहीत. चांगल्या चपला टाकवत नाहीत म्हणून ती त्याच घालत राहिली. मी मागून एक पट्टी शिवून दिली, तरी आवाज यायचाच.

डॉक्टर म्हणाले, "यांना पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचा भार पायावर येत नाही." मामा एका खाजगी पोहण्याच्या तलावावर देखभालीला होते. तलाव लहानसा, सकाळ-संध्याकाळ मुलांचे वर्ग चालायचे, दुपारी रिकामा. मालकीणबाईंनी परवानगी दिली आणि मामी रोज दुपारी उथळ बाजूला उतरायला लागली. बाहेर काठी आणि माझा दंड धरून चालणारी मामी पाण्यात गेली की वेगळीच व्हायची. कठड्याची दांडी धरून का होईना, स्वतःच्या पायांनी चालायची आणि वर मलाच ओरडायची, "धरू नकोस गं, बुडत नाहीये मी!"

आणि अशात तलावाचा पंप जळला. पंप बंद म्हणजे पाणी वाळूच्या गाळणीतून फिरणं बंद. बघता बघता पाणी हिरवं झालं आणि वर्ग थांबले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता मोठा खंड पडला तर पाय आखडेल. मग माझ्याही हातात फारसं काही राहणार नाही."

मालकीणबाईंनी मामांच्या हातात एक पाकीट ठेवलं. "यात पंप आणि बसवण्याची मजुरी दोन्ही भागत असतील तर बघा. नाहीतर तलाव बुजवते आणि जागा गाड्या लावायला देते. हा पांढरा हत्ती मला आता पोसवत नाही."

"मजुरी कशाला? मी मेलोय का?" मामा म्हणाले. आणि मला घेऊन दुकानात गेले.

दुकानदाराने सरळ प्रश्न विचारले, "पाईप किती इंची? गाळणीची टाकी केवढी?"

"तुम्ही मोठ्यातला मोठा दाखवा," मामा म्हणाले.

दुकानदाराने फळीवरच्या एका आटोपशीर पंपाकडे बोट केलं. "लहान तलावाला हा पुरेसा आहे." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही कुणी त्यांना खेळणं दाखवलंय. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात एक दांडगा पंप दिसला. खोक्याला मार लागल्यामुळे तो स्वस्तात काढला होता. स्वस्त आणि मोठा! मामांचा चेहरा उजळला.

"मामा, निदान माप तरी घेऊन येऊ या," मी म्हटलं.

"पंपाला कसलं माप? तो काय ब्लाउज आहे?"

पाकीट रिकामं झालं आणि ते धूड रिक्षात माझ्या मांडीवर बसून आलं.

मामांच्या हाताला मात्र नाव ठेवायला जागा नाही. त्यांनी मुख्य बटण बंद केलं, झडपा बंद केल्या, जुना पंप सोडवला, नवा बोल्टांनी पक्का केला. पंपाचं तोंड मोठं, पाईप बारीक, तिथे जोडणीचे तुकडे लावून त्यांनी ते जमवलं. गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी फीत गुंडाळली. कोरडा फिरला तर पंप जळतो, म्हणून पंपाच्या पुढच्या जाळीच्या भांड्यात पाणी भरलं आणि झाकण आवळलं. पंपाच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून मामी बसली होती. मामांनी तिच्याकडे एकवार बघितलं आणि बटण दाबलं.

देवा रे! खोली हादरली. पाईप थरथरायला लागले, गाळणीवरचा दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेला, एका जोडणीतून पाण्याचा फवारा थेट माझ्या तोंडावर आला. तलावात बघते तर गाळणीतली वाळू भसाभसा पाण्यात येत होती.

"नवा आहे, रुळेल!" मामा ओरडले.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत मामी हळूच म्हणाली, "अहो, तलाव काही वाढत्या अंगाचा नाही. तो आहे तेवढाच राहणार."

मामांनी मान वर केली. त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली, त्या चपलांवर थांबली, मी शिवलेल्या पट्टीवर थांबली. मला त्यांचा राग आला होता, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना. ते उपड्या बादलीवर बसून राहिले. मग माझ्यापुढे हात करून म्हणाले, "तुझी टेप दे जरा."

मामांनी माप घेतलं! पाईपाचं घेतलं, तलावाचं घेतलं, गाळणीवरची माहितीची पट्टी पुसून गाळणीला किती पाणी झेपतं ते वाचलं. सगळं तळहातावर लिहून आम्ही तो पंप घेऊन पुन्हा दुकानात गेलो.

"पाणी लागलेला माल परत घेत नाही," दुकानदार म्हणाला.

एरवी मामांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. काय कापायचे ते कापा, पण बदलून द्या. माझ्या बायकोचं चालणं अडलंय याच्यावर."

दुकानदाराने पंप उघडून आतून तपासला, तळहातावरची मापं वाचली आणि फळीवरचा तो लहान पंप उतरवला. आधी दिलेल्या पैशांतून त्याची किंमत कापून घेतली, तरी थोडे पैसे उरले.

दुसरा पंप बसवून चालू केला, तर जाळीच्या भांड्याच्या पारदर्शक झाकणातून बुडबुडे दिसायला लागले. कुठूनतरी हवा ओढली जात होती. मामांनी झाकणाची रबरी कडी काढली, तर तिला वाळूचा एक कण चिकटलेला. पुसलं, ग्रीस लावलं, पुन्हा बसवलं. बुडबुडे थांबले. पंप इतका शांत चालला, की मामा त्यावर तळहात ठेवून मला विचारत होते, "चालू आहे ना गं?"

वाळू उपसली, औषध टाकलं, आणि हळूहळू तळाच्या फरशीच्या रेघा दिसायला लागल्या. मामा उरलेले पैसे परत करायला गेले तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "ठेवा. मजुरी तुमचीच."

मामी पुन्हा पाण्यात उतरली. पहिल्या दिवशी पाय उचलेना, तेव्हा रडली. पण दुसऱ्या दिवशीही उतरली. एका दुपारी दांडी सोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. वर आली तेव्हा कोरड्या फरशीवर तिचं ओलं पाऊल उमटलं. मामा पटकन गुडघ्यावर बसले आणि खिशातून माझी टेप काढली.

"अहो, हे काय चाललंय?"

"पाय ठेवू नकोस त्यावर. वाळायच्या आत माप घेऊ दे."

नंतर एकदा मी आणि मामा पंपाच्या खोलीत जाळी धूत होतो. मी त्यांना चिडवत होते, की खेळण्यातला पंप बरा चाललाय. तेवढ्यात अगदी पाठीमागून आवाज आला, "चहा गार झाला की तुमचा."

आम्ही दचकून वळलो. दारात मामी उभी होती. हातात काठी नव्हती. तलावाला वळसा घालून ती एकटी चालत आली होती. पायात नव्या चपला होत्या, टाचेबरोबर संपणाऱ्या.

"कधी आलीस? आवाजसुद्धा नाही आला," मामा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

"आता नाही येणार," मामी म्हणाली. "चला, चहा घ्या."