शांतवनकाकांची टकटक

चिखलीत आमच्या शेजारी शांतवनकाका आणि सुवार्ताकाकू राहतात. काकूंना वाचता येत नाही. लग्न झाल्यापासून रोज सकाळी काका बायबल वाचायचे आणि काकूंकडून एकेक ओळ पाठ करून घ्यायचे. एखादा शब्द गळला किंवा जास्तीचा आला, की पानावर बोटाने टकटक! देवाच्या वचनात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, असा त्यांचा खाक्या. काकू चिडायच्या, पण सुधारून म्हणायच्या.

दिवाळीनंतर काकांना लकवा मारला. वाचा गेली, नजर छताला लागली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आता काकू त्यांना भरवतात, कूस बदलून देतात आणि सकाळी उघडं बायबल त्यांच्या हाताखाली ठेवून पाठ असलेल्या ओळी म्हणतात. काकांना त्यातलं काही कळतं की नाही, कोणालाच सांगता येत नाही.

काल मी चहा घेऊन गेले, तेव्हा ओली चादर बदलता बदलता काकू रडकुंडीला आल्या होत्या. बायबल काकांच्या हाताखाली सरकवून त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "देवाची दया रोज सकाळी नवी होते म्हणे!" मग माझ्याकडे वळल्या. "पाह्य वं काजल, काय नवं हाय इथं? मले तं काहीच दिसून नाही राह्यलं."

टक. टक.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. काकांची नजर छतालाच होती. बोट मात्र पानावर आपटत होतं.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "हाव, हाव. 'म्हणे' नाही लिहिलं तिथं."

आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा म्हटली, 'म्हणे' न लावता.